रिकाम्या पिशवीचा हिशेब

रत्नागिरीच्या मांडवी जेटीवर सुट्टीच्या सकाळी दोन तऱ्हेची माणसं गरवताना दिसतात. एकाच्या हातात दहा फुटी रॉड, त्याला चकचकीत रील, पायाशी डब्यात रंगीबेरंगी प्लास्टिकचे मासे. अंगातली सगळी ताकद लावून तो गळ जितका लांब जाईल तितका भिरकावतो. दुसऱ्याकडे रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिशाचा तुकडा, दोन गऱ्या आणि ओल्या फडक्यात बांधलेली कोळंबी. हा काही फेकत नाही. जेटीच्या भिंतीलगत तंगूस सोडून देतो आणि तो तर्जनीवर धरून बसतो. भरती नवाच्या सुमाराला पुरी होणार असेल तर नवाला हा दुसरा उठतो, तंगूस बाटलीला गुंडाळतो आणि घरची वाट धरतो. पहिला बारापर्यंत उन्हात उभा असतो. दुसऱ्याची पिशवी भरलेली असते म्हणून तो उठतो असं नाही, ती कधी भरलेली असते, कधी नसते. पाणी थांबलं म्हणून तो उठतो.

संपादकांनी ‘नवशिका’ हा विषय दिला, तेव्हा ही जेटी डोळ्यांपुढे ठेवून लिहावं असं ठरवलं. खाऱ्या पाण्यात गळ टाकणारा नवशिका रिकाम्या हाताने परततो यात नवल नाही, जाणतेही परततात. फरक पडतो तो त्या रिकाम्या पिशवीचं कारण काय लावलं यावर. नवशिका दोनच कारणं लावतो. एक नशीब आणि दुसरं सामान. ‘आज लागतच नव्हतं’ किंवा ‘रॉड आणखी लांब हवा होता.’ दोन्ही कारणांची सोय अशी की पाण्याकडे बघण्याची गरज उरत नाही. समुद्र चूक दाखवून देत नाही, तो फक्त पिशवी रिकामी ठेवतो. कारण आपलं आपण शोधायचं असतं, आणि ते चुकीचं लावलं तर दहा वर्षं गरवूनही माणूस पहिल्या रविवारीच राहतो.

पाऊणपट

कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना तोंडी हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. त्या सुमाराला भरती पुरी. कागद नको, घड्याळही अंदाजानं पुरे. चंद्रामुळे भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते आणि पाऊणपट धरली की ती 45 मिनिटं सरकते, म्हणून पक्ष संपता संपता हा हिशेब मागे पडतो. पौर्णिमेला तो सव्वाअकरा सांगतो, तर मुंबईत पाणी बाराच्या आसपास चढून पुरं होतं. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवण-रत्नागिरीकडे ती मुंबईच्या आधी, सुमारे तासभर लवकर होते. ही तूट जाणत्याला तोंडपाठ असते. नवशिका एक तर हिशेब देववाणी मानतो, नाहीतर भाकडकथा म्हणून उडवून लावतो.

वेळ कळली तरी खरी गोष्ट पुढेच आहे. मासा भरतीला लागत नाही, वाहत्या पाण्याला लागतो. पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही. पहिल्या तासाला जेमतेम बारावा हिस्सा चढतं, दुसऱ्याला दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांत येतं. त्या वेळी प्रवाह जोरात असतो, गाळातली किरवी आणि झिंगे उपटले जातात, बारकी मासळी वाहत्या पाण्यापुढे टिकत नाही, आणि तिला खाणारे आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून उभे राहतात. भरती पुरी झाली की सगळं थबकतं. दहाला जेटीवर आलेला पर्यटक तुडुंब पाणी बघून खूष होतो आणि गळ टाकतो. पाणी भरपूर आहे, पण जेवणाची पंगत उठलेली आहे.

उधाण आणि भांग हा फरकही असाच अर्धवट शिकला जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. भांगाला पाणी मेलेलं असतं, तेव्हा गरवू नये, असा सल्ला रत्नागिरीकडे मिळेल आणि तो तिथे बरोबरही आहे. पण तोच सल्ला मुंबईच्या खाडीत नेला तर फसगत होते. मुंबईत पावसाळ्यातल्या उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर जाते, गोव्याकडे पाण्याची चढउतार त्याच्या साधारण निम्मी. मुंबईच्या खाडीत उधाणाच्या प्रवाहात शिसं तळाला ठरत नाही, गळ वाहत जाऊन दगडात अडकतो. तिथे नवशिक्याने भांगच बघावा. एका बंदरातलं शहाणपण दुसऱ्या बंदरात जसंच्या तसं उतरत नाही, कारण त्या शहाणपणाच्या खाली तिथलं पाणी असतं.

मग मोबाइलवरची ॲप कशाला आहेत, असा आक्षेप येईल. आक्षेप खरा आहे. सर्व्हे ऑफ इंडिया भरती-ओहोटीची कोष्टकं दरवर्षी काढतं, मुंबईतल्या वर्तमानपत्रांत वेळा छापून येतात, आणि ॲपमुळे जे कळायला एका माणसाला दोन-तीन मोसम लागत ते आज पहिल्या दिवशी हातात असतं. तिथीचं पाठांतर न करणाऱ्याला कमी लेखण्यात अर्थ नाही. मात्र ॲप वेळ सांगतं ती बंदराच्या तोंडाशी. काजळी नदीच्या मुखाशी, भाट्याच्या पुलाजवळ पाणी फिरलं तरी खाडीत आतल्या गावांना ते उशिरा फिरतं. किती उशिरा, हे तिथे काठी रोवून बघावं लागतं. दिवसातल्या दोन भरत्याही आपल्याकडे सारख्या उंचीच्या नसतात. त्यातली कोणती कोणत्या खडपावर पोचते हे कोष्टकातल्या आकड्यावरून कळत नाही. ते त्या खडपाला ठाऊक असतं.

लांब नको, खाली

नवशिक्याचा सगळ्यात महाग गैरसमज म्हणजे मोठे मासे लांब असतात. दहा फुटी रॉड याच समजुतीवर विकला जातो. जेटीचे खांब आणि भिंती कालवांनी, काकयांनी माखलेल्या असतात, त्यांच्या फटींत किरवी राहतात. पालू तिथेच चरतो, त्याच्या दाढा कवच फोडायच्याच असतात. तांबोशी, गोब्रा यांसारखे मासे दगडाच्या कपारीत दबा धरतात, उघड्या वाळूवर हिंडत नाहीत. प्रवाह खांबाला आपटून मागे जिथे वळतो, तिथे एक शांत भोवरा तयार होतो. मासा त्यात कमी कष्टात उभा राहतो आणि बाजूने वाहत जाणारं खाणं उचलतो. बाटलीवाला काका तंगूस भिंतीलगत सोडतो तो आळसाने नव्हे. त्याचा गळ पंगतीत पडतो आणि रॉडवाल्याचा पंगतीवरून पलीकडे जातो.

वाळूच्या किनाऱ्यावरही हेच, फक्त वेगळ्या रूपात. भाट्याच्या किंवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला उभं राहून पाहिलं तर लाट एकदा दूरवर फुटते, मग मध्ये काळसर, शांत पट्टा दिसतो, आणि मग ती पुन्हा पायाशी फुटते. दूरची लाट वाळूच्या उंचवट्यावर फुटते आणि काळसर पट्टा म्हणजे खोलगट भाग. भरती चढायला लागली की मासे त्या खोलगट भागातून किनाऱ्यालगत फिरतात. सर्व शक्तीनिशी फेकलेला गळ उंचवट्याच्या पलीकडे पडतो. म्हणून ओहोटीला एक फेरी मारावी आणि कोरड्या वाळूत घळ कुठे आहे, दगड कुठे उघडे पडतात हे डोक्यात ठेवावं. मासे पकडायचा पहिला तास बहुतेक वेळा मासे नसताना घालवायचा असतो. हा धडा पचायला जड जातो, कारण त्यात हाती काही लागत नाही.

‘ओहोटीला मासे नसतात’ हेही एक सरधोपट वाक्य. जेटीवर ते बऱ्याच अंशी खरं. खाडीच्या मुखाशी ते उलटं पडतं. भरतीला खाजणात, तिवरांच्या मुळांत शिरलेली बारकी मासळी आणि कोळंबी पाणी सुकू लागलं की अरुंद वाटांनी बाहेर पडते. त्या वाटेच्या तोंडाशी जिताडा उभा असतो. रायगडात जिताडा, गोव्याकडे चोणक. हा मासा आडोशाचा आणि संयमाचा आहे. रायगडातल्या खारेपाटात त्याची पिल्लं भरतीच्या पाण्यासोबत आत येतात आणि तळ्यांत वाढवली जातात. गोडं आणि खारं, दोन्ही पाणी त्याला चालतं. सुकतीच्या दीड-दोन तासांत त्याला गाठायचं, तर पाणी कुठून बाहेर पडतं हे ठाऊक हवं. तिथे रॉडची लांबी कामाला येत नाही.

व्हिडिओंबद्दलही इथेच बोललं पाहिजे. परदेशी किनाऱ्यांवरच्या चित्रफिती पाहून नवशिका रंगीत आमिषं विकत घेतो. नितळ पाण्यात ती उत्तम चालतात, तिथे मासा नजरेने शिकार करतो. आपल्या खाड्यांचं पाणी पावसाळ्यानंतरही कित्येक आठवडे गढूळ असतं. अशा पाण्यात वासाला किंमत. ताजी कोळंबी, तारलीचा तुकडा, माकूल. पाणी निवळलं की रंगीत आमिषही लागू पडतं. तेव्हा ती आमिषं टाकून देऊ नयेत, त्यांची वेळ येईपर्यंत डब्यात राहू द्यावीत. चित्रफितीतली माणसं खोटं बोलत नाहीत. ती त्यांच्या पाण्याबद्दल बोलतात, एवढंच.

तंगूस, थुंकी आणि मीठ

सामानाचा मुद्दा पूर्ण खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. सामान महत्त्वाचं आहे, फक्त नवशिक्याला वाटतं त्या ठिकाणी नाही. जाड तंगुसाचं उदाहरण घ्या. मोठा मासा तोडून नेईल या भीतीने जाड तंगूस घेतला जातो. जाड तंगुसाला प्रवाहाची ओढ जास्त, म्हणून तो वाहून जाऊ नये यासाठी शिसं जड घ्यावं लागतं. जड शिसं फेकायला ताठ रॉड लागतो. ताठ रॉडला माशाची हलकी टोच कळत नाही. मग ती कळावी म्हणून आणखी महाग रॉड. एका भीतीतून चार खरेद्या झाल्या आणि मासा मात्र कोळंबी अलगद काढून घेऊन गेला. करकरा आणि केंड या कामात तरबेज. केंडाचे दात चोचीसारखे, तो तंगूसच कापतो, आणि हाती लागला तरी विषारी म्हणून फेकूनच द्यायचा.

मासा तंगूस तोडून गेला असं ज्याला म्हणतात, त्यातल्या पुष्कळ वेळा गाठ गेलेली असते. गरीच्या डोळ्यातून तंगूस ओवून पाच-सहा वेढे द्यायचे, टोक मागच्या फासातून घ्यायचं, आणि आवळण्यापूर्वी गाठ तोंडात धरून थुंकीने ओली करायची. कोरडी गाठ आवळताना नायलॉन नायलॉनवर घासून तापतो, आणि तापला की तिथेच कमजोर होतो. डोळ्यांना काही दिसत नाही. गाठ नीटनेटकी दिसते आणि पहिल्या मोठ्या झटक्याला सुटते. परत आलेल्या तंगुसाचं टोक बघावं. पिळदार, कुरळं असेल तर गाठ सुटली, खरवडलेलं असेल तर कालवावर घासलं, सरळ कापल्यासारखं असेल तर केंड. रिकाम्या गळालाही असं वाचता येतं, पण बहुतेक जण तो वाचण्याआधीच नवी गरी बांधतात.

रीलवरचा ड्रॅगही असाच. तो पूर्ण आवळून ठेवण्याकडे नवशिक्याचा कल असतो, जणू मासा दोरीने बांधून आणायचा आहे. तंगूस पाच किलोला तुटणारा असेल तर ड्रॅग दीड किलोच्या आसपास ठेवावा, म्हणजे मासा धावला की तंगूस सुटत जातो आणि मासा दमतो. हातगरीवाला हे काम बोटांनी करतो. त्याच्या तर्जनीवर बारीक चिरा असतात. हे वाचणाऱ्याने तरी बोटाला चिंधी गुंडाळावी. घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवावं, जोराच्या धारेने मीठ आत ढकललं जातं. महागडं रील एका पावसाळ्यात गंजून बसलं की त्याचाही दोष कंपनीवर जातो.

नशिबाला किती जागा

सगळ्यात जुना आक्षेप म्हणजे मासा शेवटी नशिबाचा. एका सकाळीपुरता तो खरा आहे. मासळीचा थवा आज इथून गेला, काल गेला नाही, याचं कारण जेटीवर बसलेल्या कुणालाच ठाऊक नसतं. पण नशीब एका कोपऱ्यावर वर्षभर मुक्काम करत नाही. तीच माणसं त्याच खांबाशी, त्याच पाण्याला मोसमभर पिशवी नेत असतील तर तिथे नशिबाखेरीज आणखी काही आहे. आणि हे काही एकट्याच्या अनुभवाने जमलेलं नसतं. खारवी, गाबीत, कोळी, दालदी कुटुंबांत पोराला पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, कोणत्या पाण्याला काय येतं हे जेवताना कानावर पडतं. मालवणकडे रापण लागते तेव्हा थवा ओळखणारा एक आणि दोर ओढणारे अनेक असतात. चूक झाली तर तिची चर्चा वाळूवरच सगळ्यांसमोर होते. शहरातून आलेल्या हौशी माणसाकडे ती वाळू नसते. त्याची चूक त्याच्याबरोबर गाडीत बसून पुण्याला किंवा कोल्हापूरला परत जाते. म्हणून वही ठेवावी, असं मी सुचवेन. तिथी, भरतीची वेळ, वारा, पाण्याचा रंग, आमिष, जागा, आणि काही लागलं नाही तर ‘काही नाही’ हेही. दहा नोंदी झाल्या की नशिबाचा वाटा किती आणि आपला किती हे दिसायला लागतं.

जे अनुभवाने शिकू नये

इथवर अनुभवाची बाजू मांडली. तिला एक ठाम मर्यादा आहे. जिथे चुकीची किंमत रिकामी पिशवी असते, तिथेच अनुभव शिक्षक होऊ शकतो. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे तीन करवती काटे असतात. गरी काढताना त्याला सहज मुठीत धरलं की काटा तळव्यात जातो आणि विषारी कळ खांद्यापर्यंत चढते. पाकट उथळ पाण्यात वाळूखाली पडून राहते. तिच्यावर पाय पडला की शेपटीचा काटा घोट्यात घुसतो. 2013 साली गणेश विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पाण्यात उतरलेल्या कित्येक भाविकांना पाकटींनी डंख मारले होते. त्यांतले कुणी मासेमारीला आलेले नव्हते. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नयेत, वाळूत घासत न्यावेत, म्हणजे पाकट आधीच निघून जाते. काटा लागलाच तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात, भाजणार नाही याची काळजी घेत, तो भाग अर्धा-एक तास बुडवून ठेवावा. या विषाला उष्णता सोसत नाही. आणि नंतर दवाखाना गाठायचाच, कारण काट्याचा तुकडा आत राहतो.

लाटेचं तर विचारूच नये. वारा पडलेला, आकाश निरभ्र, समुद्र गुळगुळीत आणि तरी अचानक एक भिंत येते. हजारो किलोमीटर दक्षिणेला उठलेलं वादळ आपल्या किनाऱ्यावर लाटांच्या रूपाने दिवसांनी पोचतं. लाटा गटागटाने येतात, मधली शांतता फसवी असते. हैदराबादचं इन्कॉइस हे केंद्र उंच लाटांचे इशारे देतं, ते बघूनच निघावं. खडपावर काळा, बुळबुळीत पट्टा दिसतो ना, तो लाट तिथवर येते याची पावती आहे. त्याच्या खाली उभं राहायचं नाही. वीस मिनिटं मागे उभं राहून पाणी बघायचं. ओहोटीला चालत गाठलेला दगड भरतीच्या मधल्या दोन तासांत बेट होतो, हा वर सांगितलेला हिशेब इथे जिवाशी येतो.

आणखी एक चूक अशी की ती पिशवीत दिसतच नाही, उलट पिशवी भरते. तळहाताएवढी तांबोशी, वीतभर गोब्रा, सगळं घरी नेलं जातं. महाराष्ट्र सरकारने 2023 साली 54 प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, पापलेटासाठी ती 135 मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. हौशी माणसाच्या चार माशांनी समुद्र रिता होत नाही, दोष मोठ्या जाळ्यांचा आहे, असं यावर उत्तर मिळतं. जाळ्यांबद्दलचा आरोप योग्य आहे आणि पारंपरिक मच्छीमार तो वर्षानुवर्षं मांडत आले आहेत. पण खाडीचं तोंड अरुंद असतं, तिथल्या चार माशांची किंमत खुल्या समुद्रातल्या चार माशांएवढी नसते. शिवाय जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, तर गोब्ऱ्याच्या बहुतेक जाती आधी मादी आणि नंतर नर. म्हणजे फक्त बारके उचलले तरी बिघडतं आणि फक्त मोठे उचलले तरी. सोडायचा मासा ओल्या हाताने धरावा. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरला तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही दगावतो. तुटलेला तंगूस पाण्यात टाकू नये, तो वर्षानुवर्षं कुजत नाही आणि कुणाच्या तरी गळ्यात पडतो.

मुहूर्त हवाच असेल तर दिवाळीचा घ्या. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे उधाणातच येतं. त्या दिवशी रत्नागिरीत भरती अकरा-साडेअकराच्या सुमाराला पुरी होते. पहिल्यांदा गरवायला निघणार असाल तर सातला मांडवीवर पोचा, कोळंबी वाटेत ताजी घ्या, आणि गळ भिंतीलगत सोडा.